पाठीवरच्या पट्ट्या काय सांगतात? पॅच टेस्टविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: "वय ४६, नाशिक, शिक्षिका. दीड वर्षापासून पापण्यांना खाज येते. कपाळावर केसांच्या कडेला आणि मानेच्या दोन्ही बाजूंना काळपट चट्टे आहेत. मलम लावलं की बसतं, थांबवलं की परत येतं. रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी केली. त्यात वांगं, मसूर, शेंगदाणे आणि धूळ निघाली. आठ महिने सगळं सोडलं, काडीचाही फरक नाही. आता त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करू म्हणतात. ती खरंच लागते का? दुखते का? आणि एवढं करून हाती काय येणार?"

आधी वांग्याचं बोलू. आजपासून खायला लागा, मसूर आणि शेंगदाणेही खा. अट एकच: हे पदार्थ खाल्ल्यावर तास-दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं किंवा दम लागणं असं पूर्वी कधी झालेलं नसावं. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही. रक्ताची ती तपासणी आयजीई नावाची प्रतिपिंडं मोजते. ही प्रतिपिंडं मिनिटांत उसळणाऱ्या अ‍ॅलर्जीशी निगडित असतात, आणि कसलाही त्रास नसलेल्या माणसांच्या रक्तातही ती थोडीफार सापडतात. तुमचा आजार त्या जातीचा वाटत नाही. बाहेरून त्वचेला लागलेल्या वस्तूची ही संपर्क-अ‍ॅलर्जी असावी. तिचा कारभार प्रतिपिंडांकडे नसून टी पेशींकडे, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या एका प्रकाराकडे असतो, त्यामुळे रक्तात शंभर पदार्थ तपासले तरी ती सापडायची नाही. लांबलचक यादीचे रिपोर्ट घेऊन, अर्धं ताट सोडून, वाळलेल्या चेहऱ्याने येणारे रुग्ण मी सतत बघतो. यात त्यांचा दोष नाही. चुकीच्या प्रश्नाला मिळालेलं ते छापील उत्तर असतं.

संपर्क-अ‍ॅलर्जी फसवी असते, कारण ती उशिरा बोलते. रसायनाचा बारीक रेणू त्वचेत शिरतो, तिथल्या प्रथिनाला चिकटतो, आणि पहारेकरी पेशी त्याची ओळख जवळच्या लसिकाग्रंथीत टी पेशींना करून देतात. ही पहिली ओळख पक्की व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. कधी कधी ती वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूबाबतही अचानक होते. "डॉक्टर, हाच डाय मी बारा वर्षं लावतेय" हे वाक्य म्हणूनच डायला निर्दोष ठरवत नाही. एकदा ओळख झाली की पुढच्या प्रत्येक वेळी पुरळ उठतं, पण तेही एक ते तीन दिवसांनी. रविवारी डाय लावला, मंगळवारी पापण्या सुजल्या, आणि आपण सोमवारी रात्रीची वांग्याची भाजी आठवत बसतो.

आता तुमच्या चट्ट्यांच्या जागा पाहू. पॅच टेस्टचं निम्मं काम पट्टी लावण्याआधी, चट्टे कुठे आहेत आणि रोजच्या दिवसात काय काय त्वचेला लागतं हे विचारण्यात होतं. केसांची कड, पापण्या आणि मानेच्या बाजू एकत्र असतील तर माझ्या मनात पहिला संशयित हेअर डाय असतो. त्यातलं पॅराफेनिलीनडायअमिन, ज्याला आम्ही सगळे पीपीडी म्हणतो, हे प्रसिद्ध गुन्हेगार आहे. डोक्याची कातडी जाड असते, ती बऱ्याचदा काही दाखवत नाही. डायचं पाणी ओघळून जिथे जातं ती पातळ कातडी बोलते. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत ही अ‍ॅलर्जी नेहमी लाल, ओली, खाजरी दिसेलच असं नाही. ती हळूहळू नुसती काळवंडते. बायका याला वांग, म्हणजे चेहऱ्यावरचे काळे डाग, समजून गोरेपणाचं क्रीम लावत राहतात आणि त्या क्रीममधल्या सुगंधाची दुसरी अ‍ॅलर्जी जोडून घेतात.

तुम्ही डाय वापरता की नाही हे लिहिलेलं नाही. "डाय नाही, हर्बल काळी मेंदी लावते" असं असेल, तर ते माझ्या दृष्टीने डायच आहे. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी ते तपकिरी येतो. केस काळेभोर करणाऱ्या पाकिटात बहुतेक वेळा पीपीडी मिसळलेलं असतं, पुढे झाडाचं चित्र असलं तरी. "अमोनियामुक्त" हा शब्दही इथे कामाचा नाही, कारण अमोनिया आणि पीपीडी यांचा एकमेकांशी संबंध नाही. जत्रेत किंवा लग्नात हातावर काढलेली झटपट रंगणारी काळी मेंदी तर त्याहून वाईट. युरोपात पीपीडीला केसांच्या रंगात, मिसळल्यानंतर, २ टक्क्यांची मर्यादा आहे आणि त्वचेवर काढायच्या नक्षीत ते चालतच नाही.

दुसरा संशयित नेलपॉलिश. नखांजवळ काहीच होत नाही, पण दिवसभरात बोटं पापण्यांना आणि मानेला लागत राहतात, आणि पुरळ तिथे उठतं. तिसरे म्हणजे शाम्पू, फेसवॉश, वेट वाइप्स आणि क्रीममधले सुगंध व परिरक्षक, म्हणजे ते खराब होऊ नये म्हणून घातलेली रसायनं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाने जगभर इतका उच्छाद मांडला की अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला "वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक" ठरवलं. चौथा संशयित आपल्या अगदी घरचा: गाजर गवत. महाराष्ट्रात ते पुण्याकडे १९५० च्या दशकाच्या मध्यात दिसलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याचे सुकलेले कण हवेतून येऊन पापण्या, मान, कानांमागचा भाग आणि कोपराच्या घडीत बसतात. शेतकऱ्यांत, रस्त्याकडेला काम करणाऱ्यांत आणि सकाळी माळावर फिरायला जाणाऱ्यांत हे नेहमी दिसतं. शेवंती आणि झेंडू याच कुळातले असल्यामुळे हार करणाऱ्या काही जणांना या फुलांनीही त्रास होतो. पाचवी शक्यता टिकलीची, पण तिच्या डिंकाचा चट्टा सहसा भुवयांमधोमध असतो. तो काळा न होता कधी पांढराही पडतो, आणि तसं असेल तर टिकली त्याच दिवशी बंद करायची.

आणि सहावा संशयित तुमच्या हातात आहे: ते मलम. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांत जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि बरेचदा निओमायसिन असतं. निओमायसिन स्वतःच वारंवार सापडणारं अ‍ॅलर्जीकारक आहे. सोबत स्टेरॉइड असल्यामुळे दाह दबतो, मलम थांबवलं की उसळतो, म्हणून आपण पुन्हा तेच लावतो. तुमचं "थांबवलं की परत येतं" वाचल्यावर हाही विचार डोक्यात आला.

इतके संशयित असताना अंदाजाने एकेक सोडत बसणं म्हणजे आणखी दीड वर्ष. म्हणून हो, टेस्ट लागते.

टेस्ट सोपी आहे. कल्पना जुनी, १८९५ सालची, योझेफ याडासोन या तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञाची. पाऱ्याच्या औषधाने पुरळ उठलेल्या रुग्णाच्या निरोगी कातडीवर त्याने तेच औषध मुद्दाम लावून पाहिलं. आजही करतो ते हेच. सुमारे ८ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या चकत्या चिकटपट्टीवर ओळीने बसवलेल्या असतात. प्रत्येकीत ठरलेल्या प्रमाणात, बहुधा व्हॅसलीनमध्ये मिसळलेला, एकेक पदार्थ असतो: निकेल, क्रोमियमचं क्षार, पीपीडी, सुगंधांचं मिश्रण, निओमायसिन, रबरातली रसायनं वगैरे. एका चकतीत नुसतं व्हॅसलीन, तुलनेसाठी. पट्ट्या पाठीच्या वरच्या भागावर लावतात. सुई नाही, रक्त नाही, दुखत नाही. दुसऱ्या दिवशी एखाद्या ठिकाणी खाज येईल, तीच बातमी. भारतासाठी कॉन्टॅक्ट अँड ऑक्युपेशनल डर्माटोसेस फोरम ऑफ इंडिया या संस्थेने मान्य केलेली भारतीय मानक मालिका आहे आणि तिच्यात गाजर गवताचा अर्कही असतो. परदेशी संच वापरणार असतील तर गाजर गवत वेगळं लावायला सांगा. तुमच्या बाबतीत मानक मालिकेला सौंदर्यप्रसाधनांची मालिकाही जोडायला हवी, हे डॉक्टरांशी बोलून घ्या.

तयारीत लोक नेमकं उलटं करतात. सेटिरिझिनसारख्या खाजेच्या गोळ्या आठवडाभर सोडून येतात, आणि पाठीवर स्टेरॉइड मलम लावून किंवा गावातल्या दवाखान्यात "सुजेचं इंजेक्शन" घेऊन येतात. खाजेच्या गोळ्यांनी या चाचणीला सहसा बाध येत नाही, कारण त्या हिस्टामिन या खाज आणणाऱ्या रसायनावर काम करतात आणि इथे खेळ टी पेशींचा आहे. स्टेरॉइड मात्र खरी प्रतिक्रिया दाबून टाकतं. पाठीवर किमान आठवडाभर स्टेरॉइड मलम नको. ट्रायअमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर साधारण महिनाभर थांबा. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना मात्रा सांगा. रोजची २० मिलिग्रॅमहून जास्त असेल तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही, आणि त्याखालीही जितकी कमी तितकी बरी. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. चेहऱ्यावरचा दाह ऐन भरात असताना किंवा पाठीवरच पुरळ असताना टेस्ट करू नये. कातडी इतकी चिडलेली असते की सगळ्याच चकत्यांखाली लाल होतं आणि कशावरच विश्वास ठेवता येत नाही. गरोदरपणात आम्ही पुढे ढकलतो. धोका सिद्ध झालाय म्हणून नाही, घाई नसते म्हणून.

पट्ट्या लावल्यापासून ४८ तास पाठ कोरडी ठेवायची, आणि शेवटच्या तपासणीपर्यंत पेनाच्या खुणा जपायच्या. म्हणजे पाठीवर पाणी नाही, व्यायाम नाही, पोछा-झाडू जोरात नाही. घाम हा या टेस्टचा सर्वांत मोठा शत्रू. मुंबई-कोकणात मे महिन्यात पट्ट्या निम्म्या सुटून येतात. नाशिकला तुम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत केलीत तर उत्तम. शाळेला सुट्टी घ्यायची गरज नाही, फक्त फळ्यावर उंच लिहिताना पाठ ताणली जाते तेवढं सांभाळा. जुना, सैल, सुती ब्लाउज किंवा कुर्ता घाला. खुणांची शाई कपड्याला लागते आणि निघत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं, ज्यावर मी हट्टाने बोलतो: तपासण्या. पट्ट्या ४८ तासांनी काढतात, अर्धा-एक तास थांबून पहिली तपासणी होते. दुसरी तपासणी लावल्यापासून तिसऱ्या ते चौथ्या दिवसात व्हायलाच हवी. सोमवारी लावलं तर बुधवारी काढायचं आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी पुन्हा दाखवायचं. निओमायसिन आणि स्टेरॉइड यांची प्रतिक्रिया आणखी उशिरा येते, त्यांच्यासाठी सातव्या दिवसाची फेरी लागते. काही ठिकाणी ४८ तासांनीच रिपोर्ट हातात देऊन मोकळं करतात. तसं होणार असेल तर दुसरी जागा शोधा. कारण खरी अ‍ॅलर्जी दोन तपासण्यांमध्ये वाढत जाते, कडेच्या बाहेर पसरते, खाजते, बारीक पुटकुळ्या येतात. नुसता चुरचुराट असेल तर चकतीच्या आकाराचा कातीव गोल उठतो, आग होते आणि शुक्रवारपर्यंत तो विरतो. एकाच तपासणीत हा फरक कळत नाही. सावळ्या पाठीवर लाली डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून बोट फिरवून कातडी वर उचललेली आहे का हे चाचपावं लागतं. डॉक्टर दुरून पाहून "काही नाही" म्हणाले तर हात लावून बघायला सांगायला संकोच करू नका. स्टेरॉइडची तर एक गंमत आहे: मधोमध ते स्वतःच दाह दाबतं आणि फक्त कडेचं वलय लाल दिसतं.

रिपोर्टात एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक अशी चिन्हं येतील. चिन्ह आलं म्हणजे आजाराचं कारण सापडलं, असं मात्र नाही. निकेलचं उदाहरण घ्या. कान टोचून खोटे दागिने घातलेल्या पुष्कळ बायकांत निकेल पॉझिटिव्ह येतं. ते खरंच असतं, पण त्याचा संबंध कानाच्या पाळीशी, घड्याळाच्या बकलाशी. तुमच्या काळवंडलेल्या कपाळाशी त्याचं नातं असेलच असं नाही, आणि त्यासाठी स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी काढून टाकण्याचं तर काहीच कारण नाही. क्रोमियमचं क्षार गवंड्याच्या पाठीवर उठलं तर ते सिमेंट असतं. तुमच्या पाठीवर उठलं तर चामड्याच्या चपलेची चौकशी करावी लागेल. म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर दहा मिनिटं बसून, प्रत्येक पॉझिटिव्हचा तुमच्या दिवसाशी मेळ घालणारा डॉक्टर हवा. ती दहा मिनिटं मिळणार नसतील तर पाठीवर एवढ्या चकत्या लावून तुम्हाला नवी यादी मिळेल, वांगं-मसुराच्या जागी निकेल-कोबाल्ट.

पहिल्या दिवशी जाताना एक पिशवी घेऊन जा. त्यात डायचं पाकीट, शाम्पू, तेल, फेसवॉश, क्रीम, सनस्क्रीन, नेलपॉलिश, टिकलीचं पान, कुंकवाची डबी आणि आजवर लावलेली सगळी मलमं असू द्यात; रिकामी ट्यूबसुद्धा चालते. लावून न धुण्याच्या वस्तू, म्हणजे क्रीम वगैरे, आहेत तशा चकतीत घालता येतात. शाम्पू-साबण पाण्यात खूप पातळ करूनच. फिनेल, भांड्यांची पावडर, सिमेंट असलं काही थेट पट्टीखाली घालायचं नाही, तिथे अ‍ॅलर्जी नसलेलाही माणूस भाजेल. घरी चिकटपट्टीखाली डाय बांधून बघण्याचा उद्योग कृपा करून करू नका. डायच्या पाकिटावर सांगितलेली कानामागची उघडी चाचणी वेगळी, तिच्यात झाकून ठेवायचं नसतं. तीही निदानाची नाही. तिथे काही उठलं तर डाय लावू नका, पण काही उठलं नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. बिब्बा तर कुणीच, अगदी दवाखान्यातही, कच्चा लावू नये. त्याचं तेल चांगल्या कातडीवर फोड आणतं आणि नवी अ‍ॅलर्जीही लावून जातं. काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याचा चीक त्याच कुळातले, म्हणून एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. कोकणात आणि गोव्यात काजू फोडणाऱ्या बायकांचे हात पाहिले की हे वेगळं सांगावं लागत नाही.

सगळं निगेटिव्ह आलं तर? तेही उपयोगी आहे, पण लगेच शिक्का नको. संशयित क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला, दोन-तीन बोटं रुंद जागेवर, दिवसातून दोनदा एक ते दोन आठवडे लावून पाहता येतं. मंद प्रतिक्रिया त्यात उघड होते. डाय किंवा साबण यासाठी ही पद्धत नाही. चट्टे फक्त उन्हं लागणाऱ्या जागीच असतील तर फोटोपॅच टेस्ट असते: तेच पदार्थ दोन ओळींत लावून एका ओळीवर अतिनील-ए किरण टाकतात. आणि पापण्यांच्या काही रुग्णांत शेवटी संपर्क-अ‍ॅलर्जी नसून जुनी अ‍ॅटोपीच, म्हणजे घराण्यातून आलेली अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती, निघते.

पीपीडी पॉझिटिव्ह आलं, आणि मला तीच शक्यता जास्त वाटते, तर डाय कायमचा बंद. ही अ‍ॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते आणि डायने डायने तीव्र होत जाते. "पीपीडीमुक्त" लिहिलेल्या डायमध्ये त्याचं भावंड, टोल्युईनडायअमिन, असू शकतं आणि पीपीडीच्या बऱ्याच रुग्णांना तेही सोसत नाही. पाकिटावर १,४-बेंझीनडायअमिन किंवा सीआय ७६०६० असं दिसलं तर ते पीपीडीच समजा. पर्याय म्हणजे शुद्ध मेंदी, तिच्या नारिंगी रंगासकट, किंवा पांढरे केस. कोणता, हा निर्णय तुमचा. बधिर करण्याच्या बेंझोकेनयुक्त मलमांनी आणि गडद रंगांच्या कृत्रिम धाग्याच्या कपड्यांनीही पीपीडीच्या काही रुग्णांना त्रास होतो. दंतवैद्याकडे गेलात तर बधिर करण्याआधी हे सांगून ठेवा. कारण टाळल्यावर खाज काही आठवड्यांत थांबते. काळेपणा जायला महिने लागतात, आणि त्या काळात रोज सनस्क्रीन लागतं, पण निवडताना पॅच टेस्टचा निकाल समोर ठेवून, सुगंध नसलेलं. "अनसेन्टेड" असं लिहिलेल्या डबीत वास झाकण्यासाठी घातलेला सुगंध असू शकतो, म्हणून घटकांची यादी वाचायचीच.

धोके थोडे आहेत. जोरात पॉझिटिव्ह आलेल्या जागी काही आठवडे काळा डाग राहतो. कधी टेस्टच्या दिवसांत चेहऱ्यावरचं जुनं पुरळ पुन्हा उसळतं, तेही डॉक्टरांना सांगा, कारण तो निदानाचा भाग आहे. क्वचित टेस्टमुळेच एखाद्या पदार्थाची नवी अ‍ॅलर्जी लागते. अशी प्रतिक्रिया बहुधा दहाव्या दिवसानंतर उठते. म्हणून पट्ट्या लावलेल्या पाठीचा, चकत्यांच्या क्रमांकांसकट, एक फोटो घरच्या कुणाकडून काढून ठेवा. शेवटच्या तपासणीनंतर पाठीवर काही नवं दिसलं तर पुन्हा फोटो काढून तारखेसह दवाखान्यात पाठवा.